लूमवाली कॅसेट

बकुळाचा घसा लहानपणी बसला तो पुन्हा उठलाच नाही. गोवर आला होता. ताप उतरला, अंगावरचे डागही गेले, पण पोरीनं पहिल्यांदा उठून "आये, पानी दे" म्हटलं तेव्हा सगळं घर वळून पाहू लागलं. कुणी म्हातारा बाप्या बोलावा तसा तो आवाज होता. गावच्या वैद्यानं काढे दिले, ठाण्याच्या डॉक्टरनं घशात बॅटरी मारून पाहिली, आणि मोठी झाली की सुटेल असं दोघांनीही सांगितलं. बकुळा मोठी झाली. आवाजही तिच्याबरोबर मोठा झाला, पण सुटला काही नाही.

दुसऱ्या कुठल्या घरात याचं कुणाला फार वाटलं नसतं. पण काल्हेरच्या या घरात बकुळाची आई धोंडूबाई धवलारीण होती. आगरी माणसाच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारणीवाचून पान हलत नाही. हळद कुटण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले लागतात. ती गाऊन देवांना आवतण देते, ती गाते तेव्हाच नवरीच्या अंगाला हळद लागते. धोंडूबाईचा आवाज बारीक आणि लख्ख होता. मांडवात कितीही गोंगाट असो, तिनं सूर लावला की माणसं आपोआप गप्प होत. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, सगळीकडून तिला बोलावणं यायचं. तिची आई धवलारीण होती, आजीही होती, तेव्हा पुढं बकुळाच असणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

बकुळाला सगळे धवले पाठ होते. शेजारच्या एका हळदीला, न्हातीधुती झाल्यावर, ती आईच्या मागं बसून मोकळेपणानं गायली. बायका आधी एकमेकींकडे पाहू लागल्या, मग पदरात तोंड लपवून हसू लागल्या. धोंडूबाईनं गाणं थांबवलं नाही, नुसता मागं हात नेऊन पोरीचा गुडघा दाबला. घरी येताना ती म्हणाली, "तू हलद कुटायला बसत जा. त्याला पन मानूस लागतंच." त्यात राग नव्हता. राग असता तर बकुळाला बरं वाटलं असतं.

पुढं भावाचं लग्न झालं आणि कमळ घरात आली. कमळचा गळा गोड होता. धोंडूबाईनं सुनेला जवळ बसवून एकेक धवला शिकवला, आणि अडलं की कमळ हळूच नणंदेला विचारायची. बकुळा तिला पुढची ओळ सांगायची, ओठांतल्या ओठांत.

बकुळाचं लग्न गावातच झालं. नवरा बाळाराम टेम्पो चालवायचा. भिवंडीतल्या लूमवर विणलेले कापडाचे तागे उचलायचे आणि गोदामात नेऊन टाकायचे, हा त्याचा धंदा. माणूस बोलका, गाण्याचा शौकीन. सासरची भाजीची वाडी होती. सकाळी वांगी-भेंडीच्या पाट्या टेम्पोत चढवून बकुळा नवऱ्याबरोबर धामणकर नाक्यावर यायची आणि दुपारपर्यंत विकायची. त्या नाक्यावर रिक्षा, ट्रक, बाजूच्या कारखान्यांतली लूमची खटखट असा कल्लोळ असतो की शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. तिथं मात्र बकुळाच्या आवाजाचं चीज झालं. "वांगी घ्या, वाडीची वांगी" ही तिची हाळी रस्त्यापलीकडे जायची. पण हाळी घालणं वेगळं आणि गाणं वेगळं, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

पंच्याऐंशी साली बाळारामनं टेम्पोत टेप बसवून घेतला. तो बसवला वाल्मीकनं. वाल्मीक भिवंडीतल्या बौद्ध वस्तीतला. नाक्यामागच्या गल्लीत त्याची एका खोलीची जागा होती. तिथं तो रेडिओ-टेप दुरुस्त करायचा, लोकांना हवी ती गाणी कॅसेटमध्ये भरून द्यायचा, आणि एप्रिलात जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीबरोबर गिटार वाजवायचा. ठाण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यानं ती जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. दोन कडव्यांच्या मधे तो कधीकधी परदेशी धाटणीची एखादी जागा घुसवायचा आणि पार्टीतले वडीलधारे त्याच्याकडे डोळे वटारून बघायचे.

टेप बसवताना तपासायला म्हणून त्यानं आपली एक कॅसेट घातली आणि काढायची विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळारामनं बटण दाबलं. आधी गिटार वाजली, मग ढोल पडला, आणि मग एक माणूस गाऊ लागला.

बकुळाच्या मांडीवर भेंडीची पाटी होती. ती तशीच धरून ती समोर बघत राहिली. भाषा कळत नव्हती, चाल ओळखीची नव्हती, पण तो आवाज तिला ओळखीचा होता. घोगरा, खरखरीत, वर चढताना मधेच चिरणारा. बाळारामनं कॅसेट बदलायला हात पुढं केला तसा तिनं तो धरला. नाका येईपर्यंत कॅसेट वाजत राहिली. नाक्यावर उतरून पाट्या मांडायच्या सोडून ती तडक वाल्मीकच्या खोलीवर गेली आणि हा कोण म्हणून विचारलं.

वाल्मीकला कुणी एवढं विचारलं की तो खुलायचा. गाणाऱ्याचं नाव डॅन हार्लो. गोरा, खाणीवर काम करणाऱ्या घरातला. त्याच्याही आवाजाला लोक हसायचे. कंपनीनं त्याला गोड गायला लावून आधी दोन रेकॉर्डी काढल्या, त्या कुणी विचारल्या नाहीत. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, आता मी गातो तसं गाऊ द्या, नाहीतर खाणीवर परत जातो. ती ही रेकॉर्ड. निघून बारा-तेरा वर्षं झाली असतील, वाल्मीक म्हणाला, त्याच्यानंतर किती आले आणि किती गेले, पण ही अजून तिकडं दुकानात असते आणि लोक अजून घेतात.

बाळाराम मागून येऊन ऐकत होता. "नाव हारलो," तो म्हणाला, "आनि जिंकून बसलाय."

वाल्मीक खूप हसला, आणि ती कॅसेट त्यानं बकुळाला देऊन टाकली.

पुढचे कित्येक महिने ती रोज सकाळी वाजायची. बाळाराम कंटाळला, पण त्यानं ती बदलली नाही. बकुळा नुसती ऐकत नव्हती, ती काहीतरी शोधत होती, आणि एके दिवशी तिला ते सापडलं. आयुष्यभर ती गुणगुणतानासुद्धा आवाज चिरणार अशी जागा आली की तिथून बाजूला व्हायची. हा माणूस नेमका तिथंच जायचा आणि तिथंच उभा राहायचा. चिरला तर चिरू दे म्हणून नव्हे. जे सांगायचं ते त्याच जागी होतं म्हणून.

राहनाळजवळ ट्रकांच्या रांगेत टेम्पो अडकला असताना तिनं कॅसेट बंद केली आणि आईचा हळदीचा धवला म्हणायला घेतला. दबक्या आवाजात नाही, पोटातून. वरच्या ओळीला आवाज चिरला तेव्हा ती तिथंच थांबून राहिली, आणि आवाज फाटून दोन झाल्यासारखा गाडीत भरला. रांग पुढं सरकली, मागचे भोंगे वाजवू लागले. बाळारामनं टेम्पो बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. आपलं काही चुकलं असं वाटून बकुळा गप्प झाली.

"परत म्हन," बाळाराम म्हणाला.

त्यानंच वाल्मीकला सांगितलं. वाल्मीकनं तिला ऐकलं आणि राहनाळच्या केसरीनाथला बोलावून आणलं. केसरीनाथची बेंजो पार्टी पंचक्रोशीत नावाजलेली होती, हळदीला तो वाजवायला बसला की म्हातारे उठून नाचत. बकुळानं नमस्कार करून दोन शब्द बोलल्याबरोबर त्यानं बेंजो परत गुंडाळायला घेतला. वहिनींचा घसा बसलाय, तो म्हणाला, बरा झाला की सांगा, मी येतो.

"तो बसलेलाच हाय," बकुळा म्हणाली. "बरा व्हयाचा न्हाय. ह्याच्यातच गायाचा हाय."

मग ती गायली. केसरीनाथ अर्धवट गुंडाळलेला बेंजो मांडीवर घेऊन ऐकत राहिला. गाणं संपल्यावर त्यानं कापड सोडलं, तारा जुळवल्या आणि पट्टी कुठली धरायची ते विचारलं.

कॅसेट काढायची ठरली तेव्हा बकुळानं एक गोष्ट आधीच सांगितली. आईचे धवले घ्यायचे नाहीत. ते आईचे आहेत, मांडवातले आहेत, ते दुकानात मांडायचे नाहीत. मग गाणार काय, असं केसरीनाथनं विचारलं. ती म्हणाली, मी बांधते. भाजी विकताना, भात लावताना, पाणी भरताना तिनं गाणी बांधली. हळदीची, पण तिच्या मनातली. त्यांतल्या एकात नवरी मुलगी स्वतःच बोलत होती:

हलद लावा गो, हात नका आखडू,
चालली मी दूर, डोले नका झाकू;
वाजव रं दादा, खाडीपार जाऊं दे,
माजा नाव माजे तोंडान मला घेऊं दे.

रेकॉर्डिंगला शुक्रवार धरला, कारण शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. वाल्मीकच्या खोलीला लागूनच एक कारखाना होता, आणि एरवी त्या भिंतीला हात लावला तरी ती थरथरताना कळायची. त्या दुपारी सगळं शांत होतं. वाल्मीकनं खिडकीला गोधड्या टांगल्या, गायन पार्टीचे माइक आणले, टेपरेकॉर्डर मधे ठेवला. एका कोपऱ्यात बेंजो, एका कोपऱ्यात ढोलकी, दाराशी गिटार घेऊन तो स्वतः. बाळारामला खोलीत जागाच उरली नाही. तो बाहेर गल्लीत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करत होता.

गाणी एकामागून एक होत गेली. 'हलद लावा गो' शेवटी घेतलं. पहिलं कडवं झालं आणि भिंतीपलीकडे एक लूम सुरू झाला. बिघडलेला लूम सुट्टीच्या दिवशी मिस्त्री दुरुस्त करत होता, आणि तो चालतो का ते त्यानं त्याच घटकेला पाहायला घेतलं. खटाक-खट, खटाक-खट, असा एकट्या लूमचा ठोका भिंतीतून आत आला.

वाल्मीकनं कपाळावर हात मारून टेप बंद करायला हात नेला. बकुळानं त्याच्याकडे बघून मान हलवली. तिनं गाणं थांबवलं नव्हतं. इतकी वर्षं ती लूमच्या खटखटीवर आवाज चढवून वांगी विकत होती. लूमशी कसं वागायचं ते तिला शिकवायला नको होतं. तिनं दुसरं कडवं त्या ठोक्यावर टाकलं, आणि आवाज जिथं चिरायचा तिथं आणखी वर नेला. केसरीनाथचा बेंजो क्षणभर अडखळला आणि लूमच्या चालीवर आला. ढोलकीवाला हसत हसत त्यात शिरला. वाल्मीकनं गिटारीचा आवाज पुरता वाढवला आणि जयंतीच्या मंचावर ज्यासाठी त्यानं वडीलधाऱ्यांचे डोळे झेलले होते ते सगळं तिथं वाजवून घेतलं. शेवटच्या ओळीला बकुळानं सूर धरला तो लूम बंद पडेपर्यंत सोडला नाही. पलीकडे मिस्त्रीनं बटण दाबलं, आणि अलीकडे सगळे घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत बसले.

केसरीनाथ म्हणाला, पुढच्या शुक्रवारी पुन्हा घेऊ. वाल्मीकनं टेप लावून ते ऐकवलं तेव्हा मात्र, पुन्हा घ्यायचं, असं कुणीच म्हणालं नाही.

कॅसेटचं नाव होतं 'बकुळाची हलद'. वर फोटो नव्हता, नुसतं पिवळ्या कागदावर नाव. वाल्मीकनं ती आपल्या खोलीत भरायची आणि बाळारामनं टेम्पोबरोबर गावोगावच्या दुकानांत द्यायची, एवढाच कारभार. त्या लग्नसराईत आधी काल्हेर-राहनाळात ती वाजली, मग कशेळीला, मग खाडीपलीकडे. आणि एक गोष्ट कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती. उत्तरेकडून, तेलंगणातून आलेले लूमवरचे कामगार, ज्यांना आगरी बोलीतलं अक्षर कळत नव्हतं, ते वाल्मीकच्या दारात येऊन म्हणू लागले, "भाई, वो लूमवाली कैसेट देना." आपण रात्रंदिवस ज्या ठोक्यात जगतो तो कुणीतरी गाण्यात घेतलाय, याचंच त्यांना अप्रूप होतं. महिन्याभरात कॅसेटचं खरं नाव मागं पडलं. सगळे तिला लूमवालीच म्हणू लागले.

बकुळाला नाक्यावर गिऱ्हाइकं आवाजावरून ओळखू लागली. वांगी घेता घेता बायका विचारायच्या, तूच का ती. ती हो म्हणायची आणि वजन करायची. पण घरी येताना तिची पावलं हलकी पडायची.

मग राहनाळची ती हळद झाली. धोंडूबाई धवले गायला बसली होती, मांडवात बायका जमत होत्या, आणि नवरीच्या भावानं कर्ण्यावर लूमवाली लावली. पोरं नाचू लागली. बंद करा म्हणून कुणीतरी सांगितलं, पण ते कुणाच्या कानावर गेलं नाही. धोंडूबाई थोडा वेळ बसली, मग उठली, पदर सावरला आणि पायी घरी निघून आली. तसं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बकुळा माहेरी गेली. आईनं तिला पाणी दिलं, बसायला दिलं, आणि म्हणाली, "माजे गल्यावर पाय दिलास गो."

बकुळानं सांगून पाहिलं, की तुझा एकही धवला मी घेतला नाही. धोंडूबाईनं ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून मायलेकींत जेवलीस का, पोरं बरी आहेत का, यापलीकडे बोलणं राहिलं नाही. सणावाराला दोघी एका ओटीवर बसायच्या आणि गाण्याचा विषय निघाला की एकजण आत निघून जायची. बकुळानं पुढं आणखी कॅसेटी काढल्या नाहीत. वाल्मीक मागं लागायचा, ती आज नाही उद्या म्हणायची. लोकांना वाटलं, हीही कॅसेट आता बाकीच्यांसारखीच दोन लग्नसराया वाजेल आणि विरून जाईल.

तसं झालं नाही. दर वर्षी नव्या कॅसेटी येत, त्यांत नवी वाद्यं असत, नवे गायक असत, आणि वर्षभरात त्यांवर धूळ बसे. लूमवाली राहिली. काल्हेरची भातशेती गेली आणि तिथं गोदामं उभी राहिली. गोदामात माल चढवणारे ती लावायचे. बाळारामनं टेम्पो विकून ट्रक घेतला, ट्रकवाल्यांनी ती पार गुजरातपर्यंत नेली. उरण-पनवेलकडची माणसं वाल्मीकच्या खोलीचा पत्ता विचारत यायची. कॅसेट निघाली तेव्हा जी पोरं पाळण्यात होती ती आता तिच्यावर नाचत होती, आणि आपल्या आयांना सांगत होती की हे आमचं गाणं आहे. वाल्मीक आपल्या मूळ कॅसेटीवरून पुन्हापुन्हा भरून देत होता. हार्लोची कॅसेटही त्याच्याकडे अजून विकली जायची, आणि दोन्ही तो शेजारी शेजारी ठेवायचा.

सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस बकुळाच्या दारात आला. माणूस सभ्य होता. चहा घेताना त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. गाणी उत्तम आहेत, चाली उत्तम आहेत, पण रेकॉर्डिंग जुनं, खरखरीत आहे. मधे लूमचा खडखडाट येतो. कंपनी ही गाणी नव्यानं, मोठ्या स्टुडिओत करील, लूम काढून टाकील, आणि एका तरुण गायिकेचा गोड आवाज घेईल. बकुळाताईंचं नाव कवयित्री म्हणून मोठ्या अक्षरांत छापू. सगळ्या महाराष्ट्रात जाईल.

बकुळा म्हणाली, भाचीची हळद आहे, ती झाली की सांगते.

ती नाही म्हणाली नाही, याचं बाळारामला नवल वाटलं. पण त्या माणसाचं बोलणं तिच्या मनात खोल कुठंतरी जाऊन बसलं होतं. इतकी वर्षं लोक ऐकतात ते गाणी चांगली म्हणून, आवाज त्यांनी नुसता चालवून घेतला असेल, असं तिला वाटू लागलं. गोड गळ्यात ती आणखी किती चांगली झाली असती, असंही. ती हे कुणाला बोलली नाही.

कमळची मुलगी तुळजा, तिची ती हळद. मांडव धोंडूबाईच्याच दारात पडला होता. म्हातारी आता वाकली होती, गाणं कमळकडे देऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी कमळनं सगळे धवले रीतीप्रमाणे म्हटले, तुळजाला हळद लागली, देवांचं झालं. मग पोरापोरींची पाळी आली, आणि कुणीतरी लूमवाली लावली. पहिल्या गिटारीला पोरं उठली. बकुळा खाली मान घालून आईकडे न बघता बसून राहिली.

"ता बंद करा," धोंडूबाई म्हणाली.

पोरं थांबली. कमळ धावत जाऊन टेप बंद करून आली. राहनाळची हळद आठवणारे तिथं बरेच होते.

"गानारी मांडवान बसली हाय," धोंडूबाई म्हणाली, "आनि तुमी मशीन कशाला लावता?"

बकुळानं मान वर केली. आई तिच्याकडेच बघत होती.

"धा वर्सं झाली," म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी वाट बगतंय, ही कॅसेट कदी जुनी व्हते. व्हतच न्हाय. ऊठ, बकुला. पोरीची हलद हाय. तुजा तू म्हन."

बकुळा उठली. केसरीनाथ मांडवात होताच, त्यानं बेंजो पुढं ओढला. तिनं सूर लावला तेव्हा तिला स्वतःलाच कळलं की आवाज आता आणखी जाड झालाय, आणखी खरखरीत झालाय. पहिलं कडवं संपलं. आणि जिथं कॅसेटमध्ये भिंतीपलीकडून लूम सुरू होतो, नेमक्या त्या जागी साऱ्या मांडवानं टाळी धरली. खटाक-खट, खटाक-खट. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. लहान पोरं, म्हाताऱ्या, ट्रकवाले, सगळ्यांच्या हातांत तो ठोका होता. त्यांनी हे गाणं लूमवाचून कधी ऐकलंच नव्हतं. हळदीनं माखलेली तुळजा पाटावरून उठून टाळ्या वाजवत होती.

त्या टाळ्यांकडे बघता बघता बकुळाचं दुसरं कडवं क्षणभर मागं राहिलं. तेवढ्यात बसल्या जागेवरून धोंडूबाईनं ते उचललं. बारीक, थरथरता, पण अजून लख्ख सूर. तिला एकेक शब्द पाठ होता. मग बकुळानं आपला आवाज तिच्याखाली घातला, आणि त्या दोन आवाजांचं गाणं खाडीपार गेलं की नाही कुणास ठाऊक, पण बाजूच्या गोदामातले हमाल काम टाकून मांडवाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

गाणं संपल्यावर म्हातारीनं लेकीला जवळ बसवलं. "तिसरे ओलीला दम कमी पडतंय तुजा," ती म्हणाली. "उद्या ये. सांगतंय."

चार दिवसांनी बकुळा बाळारामबरोबर मुंबईला कंपनीत गेली. तिचं बोलणं फार थोडं होतं. कॅसेट काढायची तर आहे तीच काढा. आवाज हाच, लूमही हाच. मधला एक खटकाही काढायचा नाही. कंपनीच्या माणसानं तिची समजूत घालून पाहिली, साहेबांना बोलावलं, साहेबांनीही घालून पाहिली. ती हसून उठली आणि नमस्कार करून खाली आली. जिना उतरताना बाळारामनं विचारलं, वाईट वाटतंय का. बकुळा म्हणाली, भूक लागलीय.

गणपतीच्या आधी कंपनीचा माणूस पुन्हा दारात आला. ठाण्या-रायगडच्या दुकानदारांकडे त्यांनी चौकशी केली होती, आणि जो तो एकच सांगत होता, लूमवाली असेल तर द्या, दुसरी कुणी घेणार नाही. वाल्मीकनं जपून ठेवलेली मूळ टेप कंपनीनं नेली, धुऊन-पुसून घेतली, आणि लूमला हात न लावता कॅसेट बाजारात आणली. या वेळी वर फोटो होता. बकुळा भाजीच्या पाटीमागं उभी, तोंड उघडं, हाळी घालताना असतं तसं. आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, लूमवाली.

कॅसेट आली त्या दिवशी बकुळा दुपारची नाक्यावर होती. समोरच्या दुकानानं ती लावली. मग रिक्षा स्टँडजवळच्या पानवाल्यानं लावली, जरा उशिरानं, आणि गल्लीत वाल्मीकची मधूनच कुठून तरी सुरू झाली. तिन्हीकडून तिचाच आवाज येत होता, एक पुढं, एक मागं, एक मधेच, आणि मागून खऱ्या लूमची खटखट होती ती वेगळी. एक बाई वांगी निवडता निवडता म्हणाली, गाणं छान आहे नाही, पण तीन तीन ठिकाणी एकदम लावलं तर माणसानं ऐकायचं कुठलं.

"कुठलापन आयका," बकुळा म्हणाली आणि तराजू उचलला. "सगलीकडं मीच हाय."